बाशिंग नेचा अचूक कसा ओळखावा

बाशिंग हा नेचा (फर्न), शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, झाडाच्या खोडावर किंवा खडकावर वाढतो. तो पाहण्यासाठी पावसाळ्याची अखेर निवडावी आणि जवळ भिंग ठेवावे. प्रथम आडवे खोड तपासावे. ते जाड, मांसल आणि तपकिरी खवल्यांनी दाट झाकलेले असते.

खरी कसोटी पानांची आहे. या नेच्याला दोन प्रकारची पाने येतात आणि ती स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली पाने बिनदेठाची, रुंद, उथळ कातरलेली आणि खोडाला बिलगलेली असतात. ती सुरुवातीला हिरवी असली तरी लवकरच तपकिरी व कागदासारखी होतात आणि तशीच दीर्घकाळ टिकून राहतात. ही वाळकी पाने काढून टाकावीत असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पूर्णपणे चुकीचा आहे. त्यांच्यामागे पालापाचोळा साचून कुजतो आणि त्यातून नेच्याच्या मुळांना ओलावा व पोषण मिळते. ती काढणे म्हणजे नेच्याची माती काढून घेणे. बांडगूळ समजून संपूर्ण नेचाच खरवडून काढणारेही भेटतात. वस्तुतः तो झाडाचा केवळ आधार घेतो, त्याचा रस शोषत नाही.

दुसरी पाने लांब देठाची, हिरवी, मधल्या शिरेच्या अगदी जवळपर्यंत चिरलेली आणि कधी मीटरभर लांब असतात. बीजाणू केवळ यांच्याच पाठीवर येतात, म्हणून तपकिरी पानांवर ते शोधू नयेत. कोरड्या ऋतूत या पानांचे खंड गळून पडतात आणि पुष्कळदा नुसते दांडे उरतात. अशा अवस्थेत ठाम नाव देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पानाची पाठ भिंगाखाली पाहावी. लगतच्या दोन आडव्या शिरांमध्ये बीजाणूंच्या गोल, उघड्या पुंजांच्या दोन नियमित रांगा दिसल्या, तर तो बाशिंग होय. पुंज अस्ताव्यस्त विखुरलेले असल्यास ड्रायनेरिया स्पार्सिसोरा, तर पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, पूर्णपणे सुट्या असल्यास ड्रायनेरिया रिजिड्युला असण्याचा संभव अधिक असतो.

शेवटी प्रदेश पडताळावा. भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियामार्गे न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत हा नेचा आढळतो. संदर्भ चाळताना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये दिलेले पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम आणि अलीकडच्या काही वर्गीकरणांतील अ‍ॅग्लाओमॉर्फा क्वेर्सिफोलिया ही नावेही याच वनस्पतीची आहेत, हे ध्यानात ठेवावे.