आमदारांची यादी लावताना: सांगोल्याचं उदाहरण

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्याचा वार्ताहर. निवडणूक लागली की 'आजवरचे आमदार' अशा याद्या माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेक मोबाइलवरून उतरवलेल्या, आणि चूक ठरलेल्या जागीच.

वहीत चार रकाने आखा: साल, आमदार, पक्ष, शेरा. शेऱ्याला जागा ऐसपैस सोडा.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो. महाराष्ट्र १९६२पासून, १९५७ हवं असेल तर 'बॉम्बे' राज्य उघडा. अहवाल इंग्रजीत असतात, म्हणून सांगोला आणि सांगोले, दोन्ही स्पेलिंगं शोधा.

आता मोजणी. गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, अकरा वेळा आमदार झाले हे शेंबडं पोरही सांगेल. अहवाल मात्र १९६२, ६७, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, ०९ आणि १४ एवढेच विजय दाखवतात. झाले दहा! अकरावा आहे १९७४च्या पोटनिवडणुकीतला. हे अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे, पोटनिवडणूक त्यांत येत नाही. ती वेगळी शोधा, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळा. आबा कधी पडलेच नाहीत असं पारावर कुणी ठासून सांगितलं तरी लिहू नका. १९७२ला पडले, १९९५ला शहाजीबापू पाटलांकडून पडले.

हद्दीचं एका ओळीत लिहा. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर सांगोल्याचा क्रमांक २५३, आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ आता इकडे मतदान करतं. त्यामुळे २००४ आणि २००९ची मतं शेजारी मांडून 'वाढली, घटली' म्हणण्यात राम नाही.

पक्ष निवडून आले त्या दिवशीचाच लिहायचा. २०१९ला शहाजीबापू शिवसेनेचे. पुढे २०२२ला एकनाथ शिंदेंच्या बंडात गुवाहाटी, तिथलं त्यांचं गाजलेलं 'काय झाडी, काय डोंगार' हे सगळं शेऱ्यात.

आणि नाव पूर्ण लिहा. २०१९ला अवघ्या ७६८ मतांनी हरले ते डॉ. अनिकेत देशमुख, २०२४ला निवडून आले ते डॉ. बाबासाहेब देशमुख. दोघंही शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे), दोघंही डॉक्टर, दोघंही आबांचे नातू. नुसतं 'डॉ. देशमुख' लिहिलंत तर पुढच्या निवडणुकीला यादी पुन्हा माझ्याकडेच येणार.