रिॲक्टिव्ह रंगाचे पाणी टायटॅनियम डायऑक्साइडने उन्हात कसे तपासावे

सुती कापड रंगवताना रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याशी न जुळता पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड उन्हातील अतिनील किरण शोषून पाण्यातल्या अशा रंगाचे विघटन घडवते. ते किती वेगाने होते हे येथील प्रयोगात मोजायचे आहे. इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या सुती प्रोसेस हाऊसचे (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे) सांडपाणी डोळ्यांसमोर असेल, तर प्रयोगही अशाच रंगावर करावा. महाविद्यालयांतून सर्रास वापरला जाणारा मिथिलीन ब्लू सोयीचा खरा, पण त्याचा रेणू धनभारित असतो आणि रिॲक्टिव्ह रंगांचे रेणू सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. म्हणून एकावर साधलेली कृती दुसऱ्यावर फसू शकते. येथे रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा रंग घेतला आहे.

०.१ ग्रॅम रंग १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून कॉस्टिक सोड्याने सामू १२ पर्यंत न्यावा आणि द्रावण ८०° सेल्सियसला दोन तास ठेवावे. सांडपाण्यात रंग ज्या जलविघटित रूपात असतो, ते रूप अशाने मिळते. ही पायरी वगळू नये. द्रावण थंड झाल्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने ते उदासीन करावे आणि पुन्हा १०० मिलिलिटर करावे. त्यातील ५ मिलिलिटर घेऊन २५० मिलिलिटरपर्यंत पाणी घातले, की लिटरला २० मिलिग्रॅम रंगाचे द्रावण तयार होते.

आता सामू ४ वर आणावा, कारण सगळे यश येथेच ठरते. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण साडेसहाच्या खालच्या सामूला धनभारित होतो व ऋणभारित रंग त्याच्याकडे ओढला जातो. सामू वाढला, की दोघे एकमेकांना दूर लोटू लागतात. टायटॅनियम डायऑक्साइडची ०.२५ ग्रॅम नॅनोपूड (अतिसूक्ष्म कणांची पूड) मास्क लावून, वारा नसलेल्या जागी तोलावी. श्वासावाटे जाणारी ही पूड मानवात संभाव्य कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात मोडते, त्यामुळे ही खबरदारी केवळ औपचारिक समजू नये.

पूड घातलेले द्रावण अंधारात ३० मिनिटे चुंबकीय ढवळणीवर ठेवावे. या वेळात जो रंग कमी होतो तो पुडीला नुसता चिकटलेला असतो, त्याचे विघटन झालेले नसते. म्हणून यानंतरचे वाचन हीच आरंभीची तीव्रता धरावी. मग पसरट काचपात्र ११ ते २ च्या उन्हात ढवळत ठेवून दर १५ मिनिटांनी थोडा नमुना काढावा. सोबत आणखी दोन पात्रे हवीत : एकात पुडीविना रंग, दुसऱ्यात पूड व रंग पण वरून ॲल्युमिनियम फॉइल. उन्हात पाणी आटते आणि तीव्रता खोटी वाढते, म्हणून प्रत्येक नमुन्यापूर्वी पात्राचे वजन करून आटले तेवढे ऊर्ध्वपातित पाणी घालावे. काढलेल्या नमुन्यांचे वजन हिशेबात धरावे.

साध्या गाळणकागदातून ही पूड आरपार जाते. नमुना सेंट्रिफ्यूज करावा किंवा ०.२२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून गाळावा, अन्यथा गढूळपणामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर चुकीचे वाचन देतो. मोजणी ५९७ नॅनोमीटरच्या आसपास करावी. नेमके शिखर आधी स्कॅन करून पाहावे. आरंभीच्या व त्या वेळच्या तीव्रतेच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला असता सरळ रेषा मिळाली, तर तिचा उतार हाच वेगस्थिरांक होय. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज या स्फटिक प्रकाराला ३८७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा अल्प असतो, म्हणून ढगाळ दिवसाचे आकडे निरभ्र दिवसाच्या आकड्यांसोबत मिसळू नयेत.

पाणी पारदर्शक झाले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे. रेणूला रंग देणारा ॲझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध) तुटताच रंग जातो, पण उरलेले सुगंधी वलयांचे तुकडे पाण्यात राहू शकतात. म्हणून आरंभीच्या आणि शेवटच्या नमुन्याची रासायनिक ऑक्सिजन मागणीही (पाण्यातील सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजावी. माझ्या मते हा आकडा न देता केवळ रंग किती टक्के गेला हे सांगणे अपुरे आहे.

यानंतर द्रावणात मीठ व सोडा ॲश मिसळून तोच प्रयोग पुन्हा करावा. रंगाईच्या पाण्यात हे दोन्ही भरपूर असतात. सोडा ॲशमधले कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना, म्हणजे उन्हात पुडीवर तयार होऊन रंग तोडणाऱ्या अतिक्रियाशील कणांना, खाऊन टाकते. सामू ४ वर आणताना ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते, पण त्यासाठी किती आम्ल खर्च झाले याची नोंद ठेवावी, कारण कारखान्यात खर्चाचा प्रश्न तेथेच उभा राहतो. मिठातले क्लोराइड मात्र तसेच राहते आणि वेग मंदावू शकतो.

प्रयोग आटोपल्यावर सामू साडेसहाच्या आसपास आणून पात्र रात्रभर स्थिर ठेवावे. भार गेल्यामुळे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वरचे पाणी अलगद काढून पूड धुवावी, १००° सेल्सियसला वाळवावी आणि त्याच पुडीने पुढच्या फेऱ्या करून वेग किती घटतो ते पाहावे. धुण्याचे पाणी बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या डब्यात साठवावे.