सरकारी खरेदीचे नियम बदलले की नाशिकच्या लघुउद्योजकाने काय करावे

डिजिटल सिग्नेचर, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची केंद्राकडची नोंदणी), जीएसटी, ताळेबंद हे सगळं हाताशी आहे असं धरतो.

'नवा खरेदी कायदा येतोय' असं ऐकलं की अंबड-सातपूर या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमधले बरेच जण संसदेकडे डोळे लावतात. केंद्राचं सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. प्रत्यक्षात बदल येतात ते केंद्राच्या आदेशांतून आणि राज्याच्या शासन निर्णयांतून. लक्ष तिथे ठेवा.

पहिलं काम: प्रत्येक गिऱ्हाइकापुढे त्याचे नियम लिहून काढा. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचा नोट प्रेस केंद्राच्या कंपन्यांकडे. तिथे कंपनीची खरेदी नियमावली आणि वर केंद्राचे आदेश. जिल्हा परिषद किंवा राज्याचं खातं असेल तर उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा.

दुसरं काम: उद्यम प्रमाणपत्र ताजं करा. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी झाली आहे.

आता खरी अडचणीची जागा. नवा आदेश तुमच्या निविदेला लागू आहे की नाही, हे कसं ठरवायचं? व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश वाचून दर भरू नका, हे मी दर वेळी बजावतो. मूळ शासन निर्णय उघडा. शेवटी संगणक सांकेतांक छापलेला असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून कागद अस्सल आहे का ते आधी बघा. मग वरची 'वाचा' म्हणून दिलेली जुन्या निर्णयांची यादी पाहा आणि मजकुरात 'अधिक्रमित' शब्द शोधा. तो असेल तर जुना निर्णय संपला. नुसती 'सुधारणा' असेल तर जुना आणि नवा शेजारी ठेवून कलमागणिक वाचावं लागतं, त्याला पर्याय नाही. तारीखही नीट बघा: नियम नव्या निविदांना आहे, की चालू निविदांनाही?

सवलतींची गल्लत तर सर्रास होते. केंद्राच्या २०१२ च्या आदेशानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाचा दर सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्याला त्या कमी दरावर येऊन मालाचा काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. ही सोय नुसत्या व्यापाऱ्याला नाही. राज्याच्या निविदेतही ती जशीच्या तशी मिळेल असं गृहीत धरून दर चढवाल, तर ऑर्डर गमावाल.

शंका राहिलीच तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा, कलम क्रमांकासह. टेबलाजवळ मिळालेलं तोंडी उत्तर वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. उत्तर शुद्धिपत्रकात, म्हणजे निविदेतल्या बदलांच्या अधिकृत कागदात, आलं पाहिजे.

शुद्धिपत्रक निघालं की महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरून दरपत्रकाची फाइल पुन्हा उतरवून घ्या. बदललेल्या दरपत्रकाऐवजी जुनी फाइल भरली तर ती चालत नाही. निविदा आधीच सादर केली असेल, तर मुदत संपण्याआधी ती नव्याने सादर करा. सिंहस्थाची कामं घाईची असतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळी पोर्टल एकदा उघडून बघाच.