शेततळ्यातले मासे नॅनो तांब्या-चांदीपासून कसे जपायचे

रावेर तालुक्यात माझी केळी आहे आणि बांधाला लागून शेततळं. तळ्यात रोहू, कटला, मृगळ. श्रावणात केळीवरच्या करपा रोगासाठी नॅनो तांबं (तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांचं औषध) फवारलं आणि फवारणीचा पंप तळ्याच्या काठावरच खंगाळला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. तुमच्या तळ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी वेळ बघा. पहाटे वर येणारे मासे ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर बहुधा प्राणवायू कमी पडलाय. दुपारीही वरच असतील तर कल्ले तपासा. फेकजाळ्याने चार-पाच जिवंत मासे काढा (मेलेल्याच्या कल्ल्याचा रंग लगेच उतरतो, त्यावरून काही ठरवू नका), हात ओले करून धरा आणि कल्ल्यावरचं झाकण उचला. निरोगी कल्ला लालभडक, पाकळ्या सुट्या. बिघडलेला फिकट किंवा तपकिरी, वर बुळबुळीत थर, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

गोड्या पाण्यातला मासा कल्ल्यांनी नुसता श्वास घेत नाही, पाण्यातलं मीठही रात्रंदिवस आत ओढत असतो. नॅनो कण १ ते १०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ते कल्ल्यांवर बसतात, हळूहळू विरघळतात, आणि सुटलेलं तांबं किंवा चांदी सोडियम आत घेणारं एन्झाइम अडवते. अंगातलं मीठ गळत जातं. जे वाचतात त्यांच्या यकृतात, मूत्रपिंडात धातू साठतो.

पावसाच्या पाण्याने भरलेलं तळं जास्त धोक्याचं, कारण ते पाणी मऊ असतं. विहिरीच्या जड पाण्यातलं कॅल्शियम तांब्याला कल्ल्यावर सहजी बसू देत नाही. शिवाय प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात धातू धरून ठेवायला मातीचा गाळ नसतो. माझं तळं कागदाचंच, आणि पावसाने तुडुंब भरलेलं.

मासे धापा टाकताना दिसले की खाद्य बंद. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) सुरू करा. तिसरा हिस्सा पाणी उपसून पडीत जमिनीवर सोडा, नाल्यात नको. मग विहिरीचं पाणी सावकाश भरा.

पाणी तपासायला देताना एक गोष्ट आवर्जून सांगा. ‘विरघळलेलं तांबं’ मोजण्याआधी पाणी साधारणपणे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. १०० नॅनोमीटर म्हणजे ०.१ मायक्रॉन, म्हणजे सुटे नॅनो कण त्यातून आरपार जातात आणि विरघळलेल्यात मोजले जातात. म्हणून ‘एकूण’ आणि ‘विरघळलेलं’ असे दोन्ही आकडे मागा, आणि फरक नसला तरी नॅनो कण नाहीत असं समजू नका. मासा द्यायचा तर बर्फात द्या, आणि कल्ला व यकृत तपासायला सांगा. नुसत्या मांसावरून खरं चित्र कळत नाही.

फवारणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा बघा. तळ्याकडच्या ओळी वारा पडल्यावर घ्या. पंप, बादली, मोजमापाचं झाकण तळ्यापासून आणि विहिरीपासून लांब धुवा. तळं निर्जंतुक करायला नॅनो चांदीचं औषध कुणी सुचवलं, तर मासे असताना टाकू नका. चांदी माशाला तांब्याहून जालीम.

मेलेले मासे खोल पुरा. आमच्याकडचे नाले सुकी नदीला मिळतात, सुकी तापीला, आणि तिथे जाळं टाकून पोट भरणारी माणसं आहेत.