दुसऱ्याच्या रिव्ह्यूला प्रामाणिक रेटिंग कसं द्यावं : एका मिस्त्रीचं सांगणं

परभणीत माझं मिक्सर, कूलर, वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक वस्तू घ्यायच्या आधी मोबाईल माझ्यापुढं धरतं आणि विचारतं, "मामा, ह्यानं लिहिलंय ते खरं हाय का?" त्यापायी मी रिव्ह्यू वाचायला लागलो, पुढं लिहायला लागलो आणि मग दुसऱ्यांच्या रिव्ह्यूंना रेटिंग द्यायची सवय लागली.

हे रेटिंग म्हणजे वस्तूचे स्टार नव्हेत. कुणीतरी लिहिलेला रिव्ह्यू पुढच्या माणसाच्या किती कामाचा, यावर आपण दिलेला कौल. कुठं 'उपयुक्त' एवढं एकच बटण असतं, कुठं अंगठा वर किंवा खाली, कुठं 'फार उपयुक्त'पासून 'उपयोग नाही'पर्यंत तीन-चार पायऱ्या. कुठला रिव्ह्यू वर दिसणार आणि कुठला तळाला जाणार, हे बऱ्याच ठिकाणी त्यावर ठरतं. याबद्दल सल्ला विचारला की लोक सांगतात, सगळ्यांना चांगलंच रेटिंग द्या, लिहिणाऱ्याला हुरूप येतो. या सल्ल्याची मला चीड येते. हुरूप द्यायचा तर चहा पाजा. रेटिंग हे पैसे हातात धरून बसलेल्या माणसासाठी असतं, लिहिणाऱ्यासाठी नसतं.

खातं उघडणं, बटण शोधणं तुम्हाला येतंच. रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचा, फोटो असतील तर उघडून बघा. आता पुढचं.

आधी कुणी किती दिले ते बघू नका

2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग छापून आला होता. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या काही कमेंटना त्यांनी मजकूर न बघता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, पहिलं एक मत वरचं देऊन ठेवलं. त्या एका फुकटच्या मतामुळं त्या कमेंटचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी फुगले. उगीच खालचं मत दिलेल्या कमेंटना मात्र लोकांनी आपणहून सावरून घेतलं. म्हणजे फुकट पाडलेला वर येतो, पण फुकट चढवलेला खाली येत नाही. म्हणून मी यादी 'नवीन आधी' अशी लावतो. तिथं फारशी मतं पडलेली नसतात आणि आपल्याला आपल्या डोक्यानं वाचावं लागतं.

वस्तूला किती स्टार दिलेत तेही झाका

मुंबईच्या एका माणसानं कूलरला एक स्टार देऊन लिहिलं होतं, 'पैसे पाण्यात.' मी तिथंच भडकलो. कूलरवर माझं पोट चालतं. मे महिन्यात आमच्याकडं पारा 43-44 ला टेकतो, तेव्हा वाळ्याच्या ताट्यातून येणारी हवा काय चीज आहे हे त्याला काय कळणार! दिलं 'उपयोग नाही' आणि झालो मोकळा.

पुढं आमच्या गल्लीतला एक पोरगा नोकरीला ठाण्याला गेला. जाताना इथून कूलर न्यायचा म्हणाला. त्याला समजवायला बसलो, की बाबा, कूलर पाणी उडवून गारवा करतो. हवा कोरडी असली तरच पाणी उडतं. तिकडं समुद्राची दमट हवा, तिथं नुसती ओल होईल. बोलता बोलता आठवलं की हे सगळं त्या मुंबईकरानं लिहिलेलं होतं. खोली दहा बाय बारा, खिडकी उघडी ठेवूनही भिंतीला ओल, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळेनात. रिव्ह्यूत काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते माझ्या वाचण्यात.

उलटंही होतं. 'एकदम भारी, पैसा वसूल, डोळे झाकून घ्या' असं आपल्या आवडत्या कंपनीबद्दल कुणी लिहिलं की बोट आपोआप वरच्या पायरीवर जातं. त्यात ना किती दिवस वापरलं ते, ना कुठं वापरलं ते. पटणं वेगळं, कामाला येणं वेगळं. मी आता मजकूर आधी वाचतो आणि स्टार शेवटी बघतो. मजकुरावरून किती स्टार असतील याचा अंदाज मनात बांधतो. अंदाज आणि स्टार जुळले नाहीत, म्हणजे मजकुरात रडगाणं आणि वर पाच स्टार, तर तो रिव्ह्यू दुसऱ्यांदा वाचतो.

आता खरी अडचण : आहेर

इथं मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं लग्नात आहेराची वही असते. कुणी किती घातले ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढे परत करायचे. रिव्ह्यूच्या जगातही अशीच वही चालते, फक्त ती कुणी दाखवत नाही. माझ्या प्रत्येक रिव्ह्यूला एक गृहस्थ पाच मिनिटांत 'फार उपयुक्त' द्यायचे. पाच मिनिटांत तो वाचूनही होत नसे, तेवढा लांब मी लिहितो. पण बरं वाटायचं. मग त्यांचा रिव्ह्यू आला की मीही फेड करायचो. दीड वर्ष हा आहेर-परतआहेर चालला.

एक दिवस सेलूकडची एक बाई वॉटर प्युरिफायर घेऊन दुकानात आली. चार महिन्यांत पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती. उघडून बघितलं तर मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला बारीक पडदा, क्षारानं पार चोंदलेलं. घरी बोअरचं पाणी, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला तर लिटरला 1400 मिलिग्रॅमच्या वर. मी म्हटलं, "ताई, असलं पाणी असताना ही मशीन घ्यायला कुणी सांगितलं?" तिनं मोबाईल काढला. त्या गृहस्थांचा रिव्ह्यू होता : 'पाणी अमृतासारखं गोड, टीडीएस झिरो, बिनधास्त घ्या.' त्या ठिकाणी कुणी काय रेटिंग दिलं ते नावासकट दिसतं. खाली बोट ठेवून ती म्हणाली, "हे तुमचंच नाव न मामा?"

माझंच होतं. मी तो रिव्ह्यू वाचलाच नव्हता. वाचला असता तर 'टीडीएस झिरो'ला तिथंच अडखळलो असतो. घरगुती आरओतून, म्हणजे असल्या मेम्ब्रेनच्या प्युरिफायरमधून, शून्य टीडीएसचं पाणी सहसा येत नाही, आणि यायची गरजही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएसची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम धरली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलं आहे. त्या रिव्ह्यूत आत जाणारं पाणी नळाचं की बोअरचं, त्याचा टीडीएस किती, यातलं काही नव्हतं. फिल्टर किती महिन्यांत बदलला, तेही नाही. साधा घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीनेक लिटर पाणी बाहेर टाकतो, त्याचाही उल्लेख नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला 'पाणी गोड आहे' यापेक्षा 'किती पाणी मोरीत जातं' हे आधी हवं असतं.

त्या बाईचं मेम्ब्रेन मी मजुरी न घेता बदलून दिलं. मेम्ब्रेनचे पैसे मात्र तिचेच गेले.

तेव्हापासून तीन गोष्टी कटाक्षानं पाळतो. ज्यानं आज मला रेटिंग दिलं, त्याच्या कुठल्याही रिव्ह्यूला त्या दिवशी हात लावत नाही. उपकाराची ऊब उतरू द्यायची. दुसरं, ओळखीच्या माणसाचा रिव्ह्यू दुकानातल्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवतो, लिहिणाऱ्याचं नाव न सांगता, आणि विचारतो, "एवढ्यावरून घेशील का? काय विचारायचं राहिलं?" पोरगं फटकन सांगतं. तिसरं, कमी रेटिंग दिलं तर खाली कारण लिहितो. 'छान, पण अजून चांगलं लिहा' असलं मोघम नाही. 'पाण्याचा टीडीएस आणि मशीन किती महिने वापरली ते टाका, मी रेटिंग वाढवतो' असं.

त्या गृहस्थांना पहिल्यांदा मधली पायरी दिली तेव्हा रात्री दहाला त्यांचा मेसेज आला, "भाऊ, आमचं काही चुकलं का? आमच्यावर राग धरायलाव व्हय?" मी म्हटलं, राग तुमच्यावर नाही, रिव्ह्यूत दोन गोष्टी नाहीत. त्यांनी कुरकुर करत त्या टाकल्या. मी सांगितल्याप्रमाणं पायरी वाढवली. आता ते माझे रिव्ह्यू खरोखर वाचतात. परवा माझीच मिक्सरच्या वॉटची चूक काढली. दुसऱ्या एकानं मात्र रागानं माझे जुने बारा-पंधरा रिव्ह्यू एका रात्रीत 'उपयोग नाही' करून टाकले. झोंबलं. तुमच्या बाबतीतही हे होईल. अशा वेळी त्याचे रिव्ह्यू उघडून बसू नका. त्या रात्री दिलेलं कुठलंही रेटिंग खोटंच असणार.

ओळखीच्यांना रेटिंगच देऊ नका, असंही काही जण सांगतात. मला ते पटत नाही. आमच्यासारख्या गावात कोण ओळखीचं नाही? अपवाद एकच. ज्या वस्तूच्या विक्रीत आपला किंवा आपल्या घरच्यांचा पैसा आहे, तिच्या रिव्ह्यूंना बोट लावू नका, वरही नाही आणि खालीही नाही. कूलरची विक्री मी स्वतः करायला लागलो तेव्हापासून कूलरचे रिव्ह्यू मी सोडले.

कुणाला काय द्यायचं

किती दिवस वापरलं, कुठल्या परिस्थितीत वापरलं, काय बिघडलं आणि बिघडल्यावर कंपनीचा माणूस आला का, या चारही गोष्टी असल्या तर सगळ्यात वरची पायरी. दोन-तीन असल्या तर मधली. खोक्यावरची माहिती उतरवून काढली असेल तर तळाची, मग तो पानभर का असेना. आणि ज्या वस्तूतलं आपल्याला कळत नाही तिथं गप्प बसा. लिपस्टिकच्या रिव्ह्यूंवर माझं काय काम?

शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. हे लोक फार करतात. हिंगोलीकडच्या एका शेतकऱ्यानं सबमर्सिबल मोटारीवर लिहिलेलं मला अजून आठवतं. काना-मात्रेचा पत्ता नाही, सगळं मिळून तीन ओळी : 'बोर 300 फुट. 5 एचपी. रातच्या लाईटीत होल्टेज 340 च्या वर जात नाय, तरी दोन हंगाम वाइंडिंग जळालं नाय. केबल मातर दुसरी घेतली, आलेली बारीक होती.' थ्री फेजला 415 व्होल्ट हवेत, तिथं 340 वर मोटार दोन हंगाम टिकली, एवढं एकच वाक्य रात्रीच्या पाळीला पाणी देणाऱ्या माणसाला पुरेसं आहे. त्याच्या शेजारीच गुळगुळीत भाषेतला एक लांबलचक रिव्ह्यू होता, त्यात मोटारीच्या रंगाचं कौतुक. मतं त्यालाच जास्त होती.

रिव्ह्यू खोटा वाटला तर

कमी रेटिंग देऊन भागत नाही. तक्रारीचं बटण असतं, ते दाबा. विकत घेतलेले किंवा विक्रेत्याच्याच माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू चालणार नाहीत, असं भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 19000 : 2022 या मानकात आहे, पण ते आणलं गेलं तेव्हा संकेतस्थळांसाठी ऐच्छिक होतं. म्हणून डोळे आपलेच उघडे ठेवायचे. माझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या एका मिक्सरच्या खोक्यात चिठ्ठी निघाली होती, 'पाच स्टार द्या, फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा.' त्याच मिक्सरखाली एकाच आठवड्यातले, एकाच धाटणीचे पाच स्टार ओळीनं लागलेले होते. मात्र नुसता संशय आला म्हणून खाली 'पैसे खाल्लेत' असं लिहू नका. तेवढं छातीठोक आपल्याला माहीत नसतं.

दिलेलं रेटिंग बदलता येतं

बऱ्याच ठिकाणी तेच बटण पुन्हा दाबलं की जुनं मत निघतं. कुणी आपला रिव्ह्यू सुधारला किंवा सहा महिन्यांनी भर घातली की पुन्हा जाऊन बघा. मी दर दिवाळीत, दुकान आवरताना, वर्षभरात दिलेल्यांतले थोडे उघडतो. त्या मुंबईकराचं 'उपयोग नाही' काढून 'फार उपयुक्त' केलं ते अशाच एका आवराआवरीत, कूलर विकायला लागण्याच्या आधीच्या दिवाळीत. खाली लिहिलं, 'समुद्राकाठच्या लोकांनी हा जरूर वाचावा. मराठवाड्यातल्यांनी कूलर घ्यावा.'