गाडी घरी खोलताना: आधी काय, मग काय

दुचाकीचं मागचं चाक हवेत उचललं, मग एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सुटेना म्हणून पान्याला लांब पाइप लावला, अंगाचा जोर टाकला आणि गाडी आडवी झाली. पाना मापाचा होता, स्टँडही चांगला होता. चाक जमिनीवर असताना सैल करायचा नट गाडी उचलल्यावर सोडवायला घेतला, चुकलं ते एवढंच.

दुचाकीच्या कामातली सुरक्षितता म्हटलं की हातमोजे, गॉगल, अग्निशामक अशी यादी समोर येते. ती हवीच. पण बॅटरीची कोणती वायर आधी काढायची, कोणतं झाकण कधी उघडायचं, लिव्हर कधी दाबायचा, यावर हातपाय शाबूत राहणं जास्त अवलंबून असतं. म्हणून खालच्या पायऱ्या काम ज्या क्रमाने करावं त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र जवळ ठेवा. टॉर्कचे आकडे (नट किती जोराने आवळायचा ते) आणि जॅक लावायच्या जागा प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असतात. तिथे अंदाज चालत नाही.

पायरी १: जागा आणि स्वतःची तयारी

फरशी सपाट, कडक आणि कोरडी हवी. मातीवर किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरावर काम करायचंच असेल, तर साइड स्टँडखाली लोखंडी पट्टी किंवा जाड फळी ठेवा. सांडलेलं ऑइल तिथल्या तिथे पुसा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे ‘आज थंडी आहे’ हा दिलासा खोटा. गॅसचा गीझर, शेगडी, ग्राइंडर, ठिणगी पाडणारा स्विच यांपैकी काहीही त्याच खोलीत चालू असेल, तर टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडायचा नाही. गरम होणारा उघडा बल्बही नको, एलईडीचा दिवा घ्या. ड्राय पावडरचा अग्निशामक दाराजवळ टांगा. गाडीच्या मागे कोपऱ्यात ठेवला, तर तो घ्यायला आगीतूनच जावं लागेल. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा. बाह्या सैल नकोत, केस लांब असतील तर घट्ट बांधा. ऑइल आणि रसायनांसाठी नायट्राइलचे हातमोजे वापरा. वापरलेल्या इंजिन ऑइलचा त्वचेशी वारंवार संपर्क आला तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा ‘हात नंतर धुतले की झालं’ हे पुरेसं नाही. ड्रिल किंवा बेंच ग्राइंडर चालवताना मात्र हातमोजे काढा. फिरता भाग हातमोजा पकडतो आणि त्याबरोबर हातही ओढतो.

पायरी २: गाडी हलणार नाही अशी उभी करा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, म्हणून इथे थोडं थांबू.

गाडी उचलण्याआधी ठरवा की आज कोणते घट्ट नट सोडवायचे आहेत. एक्सल, पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), कॅलिपरचे (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट, ड्रेन नट (ऑइल काढायचा). चाकं जमिनीवर असताना एक्सल आणि स्प्रॉकेटचे नट फक्त फोडून घ्या, म्हणजे पाव फेरी सैल करून सोडा. पुढचं काम गाडी उचलल्यावर हलक्या हाताने होतं. जोर लावताना पाना स्वतःकडे ओढा. पुढे ढकलताना तो सटकला, तर बोटांची हाडं थेट इंजिनच्या पाख्यांवर आपटतात. जोराच्या कामाला रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या; उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करतो.

साइड स्टँडवरची गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हलकी तपासणी आणि पुसापुशी यापलीकडे या स्टँडवर विश्वास टाकू नका. मेन स्टँडवरची गाडी पुढे ढकलली गेली की स्टँड दुमडतो आणि गाडी उतरते. त्यामुळे जोराची दिशा पुढे जाऊ देऊ नका, आणि स्टँडपासून पुढच्या चाकापर्यंत एक पट्टा आवळून बांधा. पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लावताना पुढचा ब्रेक पट्ट्याने दाबून ठेवला, तर गाडी पुढे सरकत नाही. पहिल्यांदा लावत असाल तर दुसऱ्या माणसाला गाडी धरायला सांगा.

जॅक लावायचा तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून. सायलेन्सरचा पाइप, ऑइल फिल्टर, ड्रेन नट या वजन पेलायच्या जागा नव्हेत. आणि जॅक हे उचलण्याचं साधन आहे. उचलून झालं की वजन पक्क्या स्टँडवर किंवा छताच्या तुळईला बांधलेल्या पट्ट्यांवर द्या. सुटा भाग काढला की तोल बदलतो, हेही लक्षात असू द्या. मेन स्टँडवर पुढचं चाक काढायचं असेल, तर इंजिनखाली आधार आधी आणि चाक नंतर.

शेवटी हँडल धरून गाडी मुद्दाम हलवून पाहा. पडायची असेल तर ती आत्ता पडू द्या, तुम्ही खाली बसलेले असताना नको.

पायरी ३: चावी, बॅटरी, पेट्रोल, उष्णता

चावी काढून खिशात ठेवा. चावीला हात न लावता गाडी सुरू होणारी असेल, तर रिमोट लांब नेऊन ठेवा.

विजेचं काम असो वा नसो, स्टार्टर किंवा वायरिंगजवळ पाना जाणार असेल तर बॅटरी सोडवा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. गाडीची सगळी चासी (लोखंडी सांगाडा) निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्हचा स्क्रू काढायला गेलात आणि पाना चासीला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. पाना लाल होतो, अंगठी असेल तर बोट भाजतं. जोडताना उलटा क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करा, चार्जरचे चिमटे आधी लावा आणि मगच चार्जरचं बटण दाबा. लिथियम बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर हवा. इलेक्ट्रिक दुचाकीचा बॅटरी पॅक आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल घरी उघडायच्या नाहीत, एवढं सांगून तो विषय मी इथेच सोडतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल कॉक बंद करून नळी काढता येते. इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो, बऱ्याच गाड्यांत ३ बारच्या आसपास, आणि इंजिन बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. बॅटरी जोडलेली असतानाच आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, मोकळ्या हवेत इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग जोडावर फडकं गुंडाळून नळी हळू सोडवा. नळी सोडवायची ती इंजिन गार झाल्यावरच. सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवय खूप जणांना आहे, ती मोडा. रॉकेल, डिझेल किंवा डीग्रीझर काम करतात आणि तितक्या सहज पेटत नाहीत. पेटत मात्र तीही असतात, हे विसरू नका.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावं, तापलेलं नको. ऑइल बाहेर येताना धार वाकडी उडते, तेव्हा हात ड्रेन नटच्या थेट खाली नको. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली, १०० अंशांच्या वर असूनही उकळलेलं नसू शकतं. झाकण सैल होताच ते उकळून अंगावर येतं. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं तसंच सोडलं, तर मुलं आणि प्राणी ते चाटू शकतात.

पायरी ४: चेन

इंजिन चालू, गिअर टाकलेला, चाक हवेत फिरतंय आणि माणूस फडक्याने चेन पुसतोय. हे दृश्य इतकं सर्रास दिसतं की त्यात काही गैर आहे असं वाटतच नाही. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं अडकायला क्षणही लागत नाही, आणि फडक्यामागून बोटं जातात. या कामात बोटं तुटल्याचे प्रकार वारंवार घडतात आणि त्यातला प्रत्येक टाळता येतो.

इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने मागे फिरवा आणि ब्रश चेनच्या खालच्या पट्टीला लावा, स्प्रॉकेटपासून लांब. चाक फिरवताना पुसणं थांबवा, पुसताना चाक थांबवा. दोन मिनिटं जास्त लागतात.

पायरी ५: ब्रेक

जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमातली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नका. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक क्लीनर वापरायच्या आधी डबा वाचा. क्लोरीन असलेल्या क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं, तर फॉस्जीन हा घातक वायू तयार होऊ शकतो.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला, तर कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो. पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी सरकवून ठेवा. पिस्टन काढायला हवेचा दाब वापरणार असाल, तर पिस्टनसमोर बोट ठेवायचं नाही. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून टाकीवर जाड कापड टाका, थेंब पडलाच तर पाण्याने धुवा. ब्रेक ऑइलच्या प्रकारांपैकी डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची, डॉट ५ सिलिकॉनचं. ग्लायकॉल आणि सिलिकॉनची सरमिसळ चालत नाही. मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या डबीच्या) झाकणावर लिहिलेलंच घाला, आणि सीलबंद बाटलीतलं. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी शोषते, आणि तसं ऑइल तापलं की ब्रेक मऊ पडतो.

पायरी ६: दाबलेले भाग

फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळ्यांच्या) वरच्या टोपीखाली दाबलेली स्प्रिंग असते. गाडीचं वजन पुढच्या चाकावर असताना टोपी पूर्ण उघडली, तर टोपी वर उडते आणि गाडी खाली बसते. पुढचं चाक आधाराने उचला, तोंड टोपीच्या वर नेऊ नका आणि शेवटचे आटे टोपी हाताने दाबून सोडवा. मागच्या गॅसच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये उच्च दाबाचा नायट्रोजन असतो. तो उघडायचा, कापायचा किंवा छिद्र पाडायचा नाही.

प्लग काढून ठिणगी तपासताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. किक मारली की भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी तिथेच पडली, तर भडका उडतो.

पायरी ७: बसवताना

माझा एक हट्ट आहे: कोणताही नट अर्धवट घट्ट ठेवायचा नाही. एकतर तो बोटाने फिरेल इतका सैल, नाहीतर टॉर्क पान्याने पूर्ण आवळून वर पेंटची खूण केलेला. फोन वाजला, कोणी हाक मारली, तर परतल्यावर खूण नसलेला नट लगेच दिसतो. टॉर्क पाना सोडवण्यासाठी वापरू नका, त्याचं माप बिघडतं. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका; ग्रीस लावलेला बोल्ट त्याच आकड्यावर जास्त ताणला जातो.

ड्रम ब्रेकच्या गाडीत मागचं चाक बसवल्यावर ब्रेक प्लेटचा टॉर्क आर्म (प्लेटला फिरू न देणारी पट्टी) जोडला आहे का, ते पुन्हा पाहा. तो सुटा राहिला, तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. एक्सलची कॉटर पिन नवी घाला. एअर फिल्टरच्या पेटीत फडकं राहिलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

पायरी ८: सुरू करण्याआधी आणि नंतर

गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड किंवा कॅलिपर काढल्यावर पहिले काही दाब रिकामेच जातात, आणि गाडी उतारावर असेल तर तेवढं पुरतं. हँडल दोन्ही टोकांना वळवून ॲक्सिलरेटर सोडा. तो आपोआप परत यायला हवा.

इंजिन बाहेर नेऊन सुरू करा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि अर्धवट उघड्या दाराने तो पुरेसा बाहेर जात नाही. डोकं दुखणं, मळमळणं ही सुरुवातीची लक्षणं साध्या थकव्यासारखी वाटतात, त्यामुळे कळेपर्यंत उशीर होतो.

जवळच्या रिकाम्या जागेत हळू चालवून दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा, परत या, गाडी गार होऊ द्या आणि हात लावलेले नट पुन्हा पाहा. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून पुनर्वापराला द्या, गटारात नको. ऑइल आणि पेट्रोलची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा आणि तो डबा घराबाहेर.