अव्याघाताचा नियम: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याची अव्याघाताच्या नियमाशी ओळख अगदी आरंभी होते, आणि एखादे विधान व त्याचा नकार ही दोन्ही एकत्र सत्य असू शकत नाहीत, एवढे समजले की बहुतेक जण पुढच्या प्रकरणाकडे वळतात. माझा अभ्यास मात्र ॲरिस्टॉटलने घातलेल्या अटींपाशी दीर्घकाळ रेंगाळला, आणि नवख्यांनीही तिथे थांबावे असे मला वाटते. ‘मेटाफिजिक्स’ या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो म्हणतो की, एकच गुणधर्म एकाच वस्तूच्या ठिकाणी, एकाच वेळी आणि एकाच दृष्टीने असणे व नसणे अशक्य आहे. या अटी लावून पाहिल्या की वादात सापडणाऱ्या कितीतरी कथित विसंगती विरून जातात.

‘सर्व विद्यार्थी हजर आहेत’ आणि ‘एकही विद्यार्थी हजर नाही’ ही विधाने परस्परविरोधी असली, तरी दोन्ही असत्य असू शकतात. पहिल्याचा खरा व्याघात, म्हणजे दोहोंपैकी एक सत्य तर दुसरे असत्य असणारच असा विरोध, ‘काही विद्यार्थी हजर नाहीत’ या विधानाशी होतो. हा भेद पक्का होईपर्यंत चिन्हांकित तर्कशास्त्राकडे, म्हणजे विधाने चिन्हांत मांडणाऱ्या तर्कशास्त्राकडे, जाण्याची घाई करू नये.

यानंतर या नियमाला पुरावा काय, हा प्रश्न येतो, आणि मला तोच सर्वांत रोचक वाटला. नियम सिद्ध करू गेल्यास तो आधीच गृहीत धरावा लागतो, हे ॲरिस्टॉटल जाणतो. म्हणून तो नियम नाकारणाऱ्याला काहीतरी अर्थपूर्ण बोलायला सांगतो. शब्दाला निश्चित अर्थ दिला की नियम मान्य केल्यासारखेच होते, आणि काहीच न बोलणारा त्याच्या लेखी वनस्पतीसमान ठरतो. हा युक्तिवाद सर्वांना पटलेला नाही: पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच याने १९१० मध्ये त्यावर सविस्तर टीका केली. दोन्ही बाजू वाचाव्यात, पण मूळ उतारा आधी.

अभिजात, म्हणजे सर्वसाधारणपणे शिकवल्या जाणाऱ्या, तर्कशास्त्रात व्याघातातून कोणतेही विधान निष्पन्न होते, हे स्वतः लिहून पाहावे. ‘प’ सत्य मानल्यास ‘प किंवा फ’ सत्य ठरते, मग ‘फ’ हे कोणतेही विधान असो, आणि ‘प’चा नकारही सत्य असल्याने ‘फ’ उरतो. हे अनुमान अडवणारी तर्कशास्त्रे विसाव्या शतकात रचली गेली. ती स्वीकारल्याने व्याघात सत्य मानावाच लागतो असे नाही. तत्त्वज्ञ ग्रॅहम प्रीस्ट मात्र ‘हे विधान असत्य आहे’ यासारख्या वाक्यांचा आधार घेऊन काही व्याघात खरोखरच सत्य असल्याचे प्रतिपादन करतो.